बरोबरीत सुटलेली टेकडी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सुभेदार, तुमच्या फौजेतल्या नोकरीबद्दल लिहा. थरारक पाहिजे. एखादा विजयाचा प्रसंग घ्या." मी म्हटलं, माझ्याकडे विजयाचा प्रसंग नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, आमच्या कळस गावात कुणालाही विचारा. पण खरंच नाही. पायदळात शिपाई म्हणून गेलो, सुभेदार होऊन परत आलो, मधली सगळी उमेदीची वर्षं डोंगरात घालवली, आणि ज्याला टीव्हीवाले विजय म्हणतात तो काही मला कधी भेटला नाही. दुसऱ्या एखाद्या पलटणीत असेल बापडा.

हल्ली तर हा विषयच नको वाटतो. सकाळी रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला बसलो की समोर टीव्ही चालू असतो. जगात कुठंतरी लढाई पेटलेलीच असते. नकाशावर लाल बाण इकडून तिकडे सरकतात, आणि हॉटेलातली सगळी मंडळी बाणाकडे न बघता माझ्याकडे बघतात.

"सुभेदार, ह्यातलं कोण जिंकंल?"

"कुणीच न्हाय."

"आवं मग लढत्यात कशापायी?"

"हरू नये म्हणून."

हे उत्तर कुणाला आवडत नाही. ठिबकच्या पाइपांचं दुकान असलेला एक जण परवा माझ्या तोंडावर म्हणाला, सुभेदारांचं वय झालं. झालंच आहे. गुडघ्यांचं तर माझ्याही आधी झालं. पण ते उत्तर वयातून आलेलं नाही. ते मी एका टेकडीवर शिकलो आणि नंतर मोरगावकडच्या एका म्हाताऱ्याने मला ते नीट समजावून दिलं. त्या दोघांबद्दलच लिहितो. थरार कमी पडला तर संपादकांनी माफ करावं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगतो, कारण सिनेमात दाखवतात ते नसतं. डोंगरावर एक खड्डा खणायचा. त्यावर पत्रा टाकायचा, पत्र्यावर दगडमाती. मग त्यात बसून समोरच्या डोंगरावरच्या तसल्याच खड्ड्याकडे बघत राहायचं. समोरचा माणूसही आपल्याकडे बघत असतो. त्या खड्ड्याला आपण चौकी म्हणतो, समोरचाही त्याच्या भाषेत चौकीच म्हणतो. उरलेल्या वेळात ओझी वाहायची. पाणी, रॉकेल, पीठ, कांदे, दारूगोळा, जे काही वर लागतं ते माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून वर जातं. गोळीबार व्हायचा तेव्हा व्हायचा, आणि फार वाईट व्हायचा. पण हिशेब केला तर बंदुकीपेक्षा पाण्याचा जरिकॅन मी जास्त उचलला आहे.

मी नवीन होतो तेव्हा मलाही खुमखुमी होती. समोरची टेकडी आपल्यापेक्षा बुटकी दिसतेय, मग घेऊन का टाकत नाही, असं मी आमच्या कॅप्टनसाहेबांना विचारलं होतं. साहेब भला माणूस. रागावले नाहीत. चहाचे दोन मग टेबलावर ठेवले आणि म्हणाले, हा आपला, हा त्यांचा. त्यांचा घेतला समज. नंतर त्यांच्या मगाच्या मागे किटली ठेवली. "आता तू मगावर बसलास. किटलीवरून ते तुला दगड मारणार. म्हणून किटली घ्यावी लागणार." किटलीच्या मागे त्यांनी स्टोव्ह ठेवला. मी म्हटलं, समजलं साहेब. ते म्हणाले, "थांब, अजून आपल्या मगापासून स्टोव्हपर्यंत पाणी कोण नेणार, ते राहिलं." तेवढ्यात चहा गार झाला.

म्हणजे असं होतं की आम्ही त्यांना उठवू शकत होतो, पण तिथं बसू शकत नव्हतो. तेही आम्हाला उठवू शकत होते आणि त्यांचंही पुढे तेच होतं. हे दोन्हीकडच्या प्रत्येक शिपायाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही कुणी घरी जाऊ शकत नव्हतं, कारण आधी जो उठेल तो हरला. त्यामुळे आम्ही बसून राहिलो. माझ्या आधीचे बसले होते, माझ्या नंतरचेही बसले आहेत.

एकदा त्यांचं खेचर आमच्याकडे आलं. रस्ता चुकलं की तिकडच्या चाऱ्याला कंटाळलं, देव जाणे. पाठीवर पाण्याचे दोन रिकामे डबे. आमच्या पोरांनी त्याला गूळ चारला, नाव ठेवलं, दोन दिवसांत ते आमचंच झालं. मग वरून निरोप आला, परत द्या. त्याला रीत असते. पांढरी निशाणं घेऊन दोन्हीकडची माणसं मधल्या ओढ्यात उतरतात, हात मिळवतात, बोलणी होतात. फ्लॅग मीटिंग म्हणतात. आमच्याकडून मी गेलो. त्यांचा सुभेदार माझ्याच वयाचा, मोठ्या मिशांचा. दगडावर बसताना त्याने गुडघा धरला आणि तोंड वाकडं केलं.

मी विचारलं, "घुटना?"

"दोनों," तो म्हणाला. "पानी ढोते-ढोते गए."

मी माझा गुडघा दाखवला. तो हसला, मीही हसलो. खेचर मात्र जायला तयार नव्हतं. ते पुढून ओढत होते, आम्ही मागून ढकलत होतो. दोन्ही फौजांनी एकाच दिशेने जोर लावलेला मी पाहिलेला तो एकमेव प्रसंग.

आता सोपानबद्दल. सोपान माझ्या प्लाटूनमध्ये होता. मोरगावच्या पलीकडे एका वाडीचा. पैलवान गडी, मान आणि खांदा एकच. गावाकडचा म्हणून माझ्यावर हक्क दाखवायचा. त्याचे वडील धोंडीआबा. घरी शेरडं, जिराईत ज्वारी-बाजरीची शेती, पण बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांना ओळखत ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच म्हणून.

ज्यांना आमच्याकडच्या कुस्त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेतल्या कुस्तीत गुण वगैरे नसतात. समोरच्याची पाठ मातीला टेकवली की कुस्ती निकाली, मग तो कितीही वेळ लागो. नाही टेकली आणि दिवस मावळायला आला, तर पंच दोघांचे हात वर करतो आणि कुस्ती बरोबरीत सुटते. पाठ टेकली की नाही हे पंचाने बघायचं. धोंडीआबा त्यासाठी मातीत आडवे व्हायचे. गाल जमिनीला लावून खांद्याखाली बघायचे. खांदा आणि माती यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला, तर पाठ टेकलेली नाही. हजारो माणसं ओरडत असली तरी आबा उठून धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "न्हाय. उजेड हाय." मग कुणाची बोलायची टाप नव्हती.

कळसच्या जत्रेत सोपानची कुस्ती पिंपळीच्या रशीदशी नेमली होती. मी रजेवर आलेलो, पुढेच बसलो होतो. बापाने पोराच्या कुस्तीत पंच होऊ नये, हे शहाण्याला सांगायला नको. पण पिंपळीकरांनीच आग्रह धरला. "आबाच पायजेत. आबा पोराकडं बघणार न्हाईत, मातीकडं बघत्याल." असा विश्वास टाकला की आमच्याकडचा माणूस विरघळतो. आबा कुस्तीच्या फडात उतरले.

हलगी घुमायला लागली. सोपानने लवकरच रशीदला खाली घेतला आणि वर स्वार झाला. रशीद पोटावर पडला आणि मातीला धरून राहिला. हात अंगाखाली, हनुवटी छातीत. सोपानने एकेक डाव करून बघितला, घिस्सा मारला, एकचाक लावलं, मानेवर गुडघा दिला. रशीद हलेना. लोकांना वाटत होतं सोपान जिंकलाच, कारण सोपान वर दिसत होता. एकदा त्याने रशीदला कलता केला. फड उठून उभा राहिला, टोप्या उडाल्या. आबा मातीत आडवे झाले. बराच वेळ तसेच राहिले. मग उठले. "न्हाय. उजेड हाय."

त्यानंतर काही झालं नाही. दोघं घामाने आणि मातीने एकाच रंगाचे झाले. दिवस कलला तशी आबांनी कुस्ती सोडवली. उजव्या हाताने रशीदचा हात वर केला, डाव्या हाताने सोपानचा करायला गेले, तर सोपानने हात हिसडून घेतला आणि फडातून निघून गेला. आबांचा डावा हात नुसताच वर राहिला. त्या वर्षी सोपान फौजेत भरती झाला.

चौकीवर तो हे दर थोड्या दिवसांनी सांगायचा. "वर मी हुतो का न्हाय, सायेब? तुमी बघितलंय." मी म्हणायचो, होतास. "मग बरोबरी कशी?" यावर मी विषय बदलायचो. मला त्यातलं कळत नव्हतं आणि बापलेकाच्या मध्ये पडायची माझी इच्छाही नव्हती.

आमच्या समोर दोन्ही चौक्यांच्या मध्ये एक लहानशी टेकडी होती. माथ्यावर तीन मोठे दगड, म्हणून आम्ही तिला चूल म्हणायचो. तिच्यावर कुणीच नव्हतं. पाणी नाही, आडोसा नाही, हिवाळ्यात बर्फाचे लोट तिच्यावरूनच खाली यायचे. एका वर्षी बर्फ वितळल्यावर बघितलं तर चुलीवर त्यांची माणसं. आता ते तिथं बसून खरं तर आमचं फारसं काही वाकडं करू शकत नव्हते. पण त्यांनी बसणं आणि आम्ही बसू देणं, हे चालणार नव्हतं. हुकूम आला.

चढाईचं वर्णन मी करणार नाही. मी ते घरातही केलेलं नाही. चूल घेतली एवढंच सांगतो. पहाटेची वेळ होती. सोपान सगळ्यात पुढच्यांत होता. मी मागून पोचलो तेव्हा तो त्या तीन दगडांपैकी एकावर बसला होता, हातावरचं रक्त पुसत होता आणि हसत होता. मला म्हणाला, "सायेब, आता म्हणू दे म्हाताऱ्याला बरोबरी."

चुलीच्या मागे त्यांची मोठी टेकडी होती. किटली म्हणा. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून तोफा सुरू झाल्या. आम्ही दगडात खणत होतो, पण दगडात किती खणणार? सोपान दुपारी गेला. पाणी घेऊन वर येत होता.

त्याला घेऊन मी वाडीवर आलो. बँड, फुलं, पुढारी, शाळेतली पोरं, सगळं यथासांग झालं. तेराव्याला आबांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "काय बोलला का शेवटचं?" सोपान दगडावर बसून बोललेलं वाक्य मी सांगितलं. जसंच्या तसं. आबांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "निकाली केली म्हणायची पोरानं," ते म्हणाले. "बरं झालं. माझ्यावरचा राग गेला आसंल त्याचा." त्यानंतर वाडीच्या जत्रेत शेवटची कुस्ती सोपानच्या नावाने ठरली. वेशीवर फलक लागला, शत्रूची टेकडी जिंकणारा वीर म्हणून. निवेदक दर वर्षी तेच वाक्य माइकवरून सांगायचा, आणि आबा पुढच्या रांगेत ताठ बसून ऐकायचे. पंचगिरी त्यांनी सोडली होती. पाठ वाकत नव्हती.

आणि चुलीचं काय झालं? पुढे काही काळाने वरच्या पातळीवर बोलणी झाली. दोन्ही बाजूंना चूल जड झाली होती. आम्ही तिच्यावर बसून काही मिळवत नव्हतो आणि ते आम्हाला उठवूनही बसू शकले नसते. ठरलं की कुणीच बसायचं नाही. आम्ही उतरायचं, त्यांनी चढायचं नाही. खाली उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. सामान बांधलं, पत्रे काढले, सगळ्यात शेवटी मी निघालो. त्या दगडापाशी थोडा थांबलो. त्यावर काही खूण नव्हती, काही नव्हतं. समोरच्या टेकडीवर एक माणूस उभा राहून आमचं उतरणं बघत होता. लांबून ओळखू आला नाही, पण वळून जाताना लंगडत होता. मला उगाच वाटलं, तो खेचरवाला सुभेदारच असेल.

आपण हरलो का? नाही. जिंकलो का? तेही नाही. मग सोपान कशासाठी गेला, हा प्रश्न माझ्या मनात येतो तेव्हा मी उठून गोठ्यात जातो, म्हशींना पाणी पाजतो. दुसरा इलाज मला सापडलेला नाही. साहेब लोक म्हणतात, आपण तिथं नसतो तर ते आणखी पुढे आले असते. खरं आहे. त्यांचे साहेबही त्यांच्या सोपानांच्या बापांना हेच सांगत असतील, आणि तेही खरंच असेल.

नोकरीत असेपर्यंत बाहेर काही बोलायची सोय नव्हती. निवृत्त होऊन आलो, आणि आठवडाभरात आबांचा निरोप आला, ये म्हणून. बारामतीहून मोरगावच्या एसटीत बसलो तेव्हाच समजलं होतं कशाला बोलावलंय. कुणीतरी टीव्हीवर बघून त्यांना सांगितलं होतं की ती टेकडी सोडली म्हणे.

आबा अंगणात शेरडांना पाला टाकत होते. मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. घरच्यांना आत जायला सांगितलं.

"ऐकल्यालं नगं," ते म्हणाले. "बघितल्यालं सांग. टेकडी आता कुणाकडं हाय?"

"कुणाकडंच न्हाय, आबा. मोकळी हाय. आमी उतरलो. त्यांनी चढायचं न्हाय, आमी बी न्हाय."

"तू बघितलं?"

"सगळ्यात शेवटी मीच उतरलो."

एक करडू आबांच्या धोतराला तोंड लावत होतं, त्याला त्यांनी हाकललं नाही.

"आन ज्या दिवशी घेतली," ते म्हणाले, "त्या दिवशी तरी? तू तितं हुतास. खांद्याखाली उजेड हुता का?"

असा प्रश्न मला कोणत्याही साहेबाने विचारला नव्हता. मी विचार केला. चुलीवर आम्ही होतो, वर होतो. पण मागची टेकडी शाबूत होती, तोफा शाबूत होत्या, आणि त्यांची पाठ कुठंच मातीला लागलेली नव्हती. या माणसापुढे दुसरं काही बोलणं मला जमलं नसतं.

"हुता आबा," मी म्हणालो. "उजेड हुता."

त्यांनी मान हलवली. मग बोलायला लागले, पण माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. "लोकास्नी वाटतं वर हाय त्यो जिंकतुया. वर ऱ्हायला बी ताकद लागती. खालच्यानं फकस्त पालथं पडून ऱ्हायचं. त्याला जिंकायचंच नसतं, पाठ द्यायची नसती. मग वरचा दमतो. खाली उतरला तर लोक हसत्यात, म्हणून उतरत बी न्हाय. अशी कुस्ती कवाच निकाली व्हत न्हाय. मी ते रशीदच्या डोळ्यातच बघितलं हुतं."

मी म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी तुमचं बरोबरच होतं, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "दोन्ही बारीला माझंच खरं निघालं." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "उजेड हुताच रं. पर बघायला मीच कशाला वाकलो?"

मी त्यांचा हात धरून बसलो. मलाही रडू आलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. परतीची एसटी येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, आणि त्यांनी मला शेरडाच्या दुधाचा चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

त्याच वर्षी वाडीच्या जत्रेला मी गेलो. रशीदही होता. तो आता बारामतीत टायरचं दुकान चालवतो, पोट सुटलंय, पण सोपानच्या नावाच्या कुस्तीला एकही वर्ष चुकवत नाही. आम्ही दोघं आबांच्या शेजारी बसलो. मी सहज विचारलं, त्या दिवशी मातीला एवढा का चिकटून राहिलास? तो म्हणाला, "भाऊ, उठलो आसतो तर गेलो आसतो. पिंपळीची दोन टेंपो मानसं आलीवती. त्यांच्याम्होरं पाठ लावून घरी कसा जाणार? जिंकायचं तर कवाच डोक्यातनं गेलं हुतं."

निवेदकाने माइक घेतला आणि दरवर्षीचं वाक्य सुरू केलं, शत्रूची टेकडी जिंकणारा... आबांनी त्याला हाताने थांबवलं. नुसतं नाव घे, म्हणाले. त्याने गोंधळून नुसतं नाव घेतलं.

कुस्ती लागली. दोन्ही पोरं तयारीची, जोड तोलामोलाची. थोड्याच वेळात एक वर आणि एक पालथा. तो वरचा जीव खाऊन ओढत होता, खालचा डोळे मिटून पडला होता. दोन्ही गावांची माणसं कडेला उभी राहून ओरडत होती. निकाली झालीच पाहिजे, निकाली झालीच पाहिजे. ओरडणाऱ्यांपैकी कुणाच्याही अंगाला माती लागलेली नव्हती. खालच्या पोराची मान वाकडी दबत चालली होती. वरच्याच्या ओठातून रक्त येत होतं. पंच तरुण होता, आरडाओरड्याला घाबरून कुस्ती सोडवायला धजत नव्हता.

आबा उठले. मला म्हणाले, "धर." मी एका बाजूने आणि रशीदने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना फडात उतरवलं. हलगीवाल्याने त्यांना बघून हात आखडला. आबांना वाकता येत नव्हतं. त्यांनी वरच्या पैलवानाच्या पाठीवर हात ठेवला.

"उठा," ते म्हणाले. "सुटली कुस्ती."

लोकांनी कालवा केला. कुणीतरी ओरडलं, "आबा, निकाल द्या!"

आबांनी माइक मागितला नाही. पण त्यांचा आवाज तेवढ्यापुरता पूर्वीचा झाला. "दोघं बी आपल्या पायानं घरी चालल्यात," ते म्हणाले. "ह्यापरास निकाल काय पायजे तुमाला?"

पुढची माणसं खाली बसली. आबांनी दोघांच्या मध्ये उभं राहून त्यांचे हात धरले आणि वर केले. रीतीप्रमाणे हात वर करतात आणि लगेच सोडतात. आबांनी सोडले नाहीत. दोन्ही पैलवान एकमेकांकडे बघायला लागले. हलगी एकदा वाजून थांबली. म्हाताऱ्याचे दंड थरथरत होते, तरी हात खाली येत नव्हते.

रशीद माझ्या शेजारून पुढे गेला. हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, सोडा आता. दमली पोरं."

आबांनी उजव्या हातातला हात सोडला. डाव्या हातातला सोडला नाही. तो तसाच वर धरून ते उभे राहिले. शेवटी त्या पोरानेच तो हळूच खाली घेतला, हिसडा न देता, आणि वाकून आबांच्या पाया पडला.